न झालेला अपघात

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. बाकीचे मास्तर दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवूनच बसतात आणि जरा कुठे खुट्ट झालं की दाबतात. काकांचं तसं नव्हतं. ते अगदी शेवटपर्यंत दाबायचे नाहीत, आणि दाबला की असा दाबायचे की शिकणारा स्टिअरिंगवर आदळायचा. मग शांतपणे विचारायचे, "कुणी थांबवली गाडी? तू की मी?" शिकणारा म्हणायचा, "तुम्ही." "मग उतर खाली. त्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन ये. पायी जाणाऱ्याला गाडी कशी दिसते, ते कळू दे जरा."

लोक चिडायचे, रडायचे, फी बुडाली तरी चालेल म्हणून सोडूनही जायचे. पण अर्ध्या शहरानं लायसन्स काढलं ते त्यांच्याच हाताखाली, आणि त्यांचं 'ब्रेकवाले काका' हे नावही त्याच लोकांनी पाडलं.

काका मुळात मास्तर व्हायला निघालेले नव्हते. कॉलेजात जेमतेम पाय टाकला आणि वडील गेले. घरात आजारी आई आणि पाठचा भाऊ, तोही इतका लहान की बुटाची नाडी दुसऱ्यानं बांधून द्यावी लागायची. काकांनी पुस्तकं विकली आणि पार्सलची व्हॅन चालवायला घेतली. पुढे ड्रायव्हिंग स्कूल काढलं. भाऊ शिकला, विमा कंपनीत साहेब झाला, लग्न करून नदीपलीकडच्या लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेला. काकांना मूल झालं नाही. कुणी नको तो प्रश्न विचारलाच तर काकू म्हणायच्या, "आहे की एक आम्हाला. ह्यांचा भाऊ. लग्नात आयताच मिळाला. मिशा फुटायच्या बाकी होत्या एवढंच."

काकांना कशाची मिजास होती म्हणाल, तर एकाच गोष्टीची. एवढी वर्षं रस्त्यावर काढून त्यांना कधी दंड झाला नव्हता. सिग्नलचा नाही, पार्किंगचा नाही, कसलाच नाही. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी ते रंगवूनही घेतलं होतं.

त्या दिवशी दोन लेसनच्या मध्ये गोदामांच्या मागच्या रस्त्यावर गाडी लावून ते डबा खात होते. फोनवर मेसेज आला. आपल्या वाहनाने लाल सिग्नल तोडला आहे, दंड भरलेला नाही, आज दंड न भरल्यास प्रशिक्षण परवाना निलंबित होईल. पुरावा पाहण्यासाठी खाली दाबा.

काकांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. लोभानं माणूस फसतो असं सगळे म्हणतात. काकांना कुणी लाखाची लॉटरी लागली म्हणून कळवलं असतं, तर त्यांनी त्याला फोन करून शिव्या घातल्या असत्या. पण इथे त्यांना सिग्नल तोडणारा म्हटलं होतं. "पुरावा दाखवतोस काय? दाखवच!" असं मोठ्यानं म्हणून त्यांनी दाबलं.

पान अगदी सरकारी दिसत होतं. चिन्ह, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. फोटो पाहायचा तर गाडीचा नंबर टाका. टाकला. ओळख पटवण्यासाठी कार्डाचा नंबर टाका, पैसे कापले जाणार नाहीत. टाकला. फोनवर आलेला कोड टाका. टाकला. अजून एक कोड आला, तोही टाकला. इतकी वर्षं दुसऱ्यांना 'आधी बघ, मग वळ' सांगणारा माणूस रागाच्या भरात वळतच गेला.

फोटो काही उघडला नाही. बँकेचा मेसेज आला. मग दुसरा. मग तिसरा. आणि ज्यावर सगळे नातेवाईक, शेजारी, शिकून गेलेली मुलं असे शेकडो लोक होते, ते मेसेजचं ॲप आपोआप बंद होऊन पुन्हा नव्यानं नंबर मागायला लागलं.

काय झालं ते काकांना त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही, पोलिसांनासुद्धा नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि गाडी सुरू केली, कारण पुढच्या लेसनची बाई कोपऱ्यावर येऊन थांबली होती. तिला त्यांनी रिव्हर्स पार्किंग शिकवलं. तिनं दोनदा खांबाला गाडी लावत आणली तरी काका बोलले नाहीत. नुसते ब्रेक दाबत राहिले. बाई मनातून खूश झाली, काका आज भलतेच मवाळ आहेत म्हणून.

त्या वेळात बँकेला एक फोन झाला असता. नाही झाला. फोन करायचा म्हणजे कुणाला तरी तोंडानं सांगायचं, की मी फसलो. ते वाक्य त्यांच्या जिभेवर येईना.

लेसन संपतासंपता फोन आला, ॲपवरून नाही, साधा. पलीकडे एक मुलगी होती. काही वर्षांपूर्वी काकांनी तिला तीन वेळा कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं होतं आणि तिसऱ्या वेळी ती भर रस्त्यात रडली होती. आता ती मोठ्या हॉस्पिटलात, अपघात विभागाच्या नोंदणीच्या टेबलावर काम करायची.

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"गाडीत. का गं?"

"धड आहात ना?"

"मला काय झालंय?"

"तुमच्या नंबरवरून मला मेसेज आलाय. लेसन देताना अपघात झाला, शिकणारी मुलगी सीरियस आहे, फोन फुटलाय, बोलता येत नाही, ताबडतोब पैसे पाठव. हॉस्पिटल आमचंच लिहिलंय. मी सगळं रजिस्टर पाहिलं, असं कुणी आलेलंच नाही. काका, तुम्ही कुठल्या लिंकवर गेला होतात का?"

काकांनी समोरचा आरसा उगाच सारखा केला.

"काका, हो की नाही एवढंच सांगा. मी काही म्हणणार नाही."

"हो," काका म्हणाले. "सिग्नलचा दंड म्हणून."

"बरं. पैसे गेले?"

"गेले."

"कधी?"

काकांनी वेळ सांगितली. मग ती मुलगी बोलायला लागली ती अशी, जशी ती रोज रक्तबंबाळ माणसांच्या घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलत असणार. "आता माझं ऐका. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर असतो, त्यावर फोन करा. मेसेजमध्ये आलेल्या कुठल्याही नंबरवर नाही. कार्ड बंद करायला सांगा, खात्यावरचे व्यवहार थांबवायला सांगा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. तो दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका त्यांना. मग सगळे पासवर्ड बदला, पण या फोनवरून नको, काकूंच्या फोनवरून. आलेला एकही मेसेज पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा, पोलीस मागतील. आणि तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना कळवा. आज, आत्ता. लोक पैसे पाठवत असतील, काका."

शेवटच्या वाक्याशी काका अडले. आपले गेले ते गेले. पण आपल्या नावावर दुसऱ्यांचे जाताहेत, हे तोवर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फोन करून कार्ड बंद केलं आणि काका बँकेत गेले. टेबलामागचा माणूस सभ्य होता. फक्त प्रत्येक वाक्य त्याच एका जागी येऊन थांबायचं. "कोड तुम्ही स्वतःच टाकलात ना?" "हो." "दोन्ही?" "हो." "म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं झाला, असं सिस्टिम धरते." काका म्हणाले, "सिस्टिमला सांगा, मला गाडीचा फोटो पाहायचा होता." माणूस ओशाळं हसला आणि त्यानं खातं गोठवलं. "लगेच आला असतात तर बरंचसं अडवता आलं असतं," असंही तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ते वाक्य काकांनी पुढे कित्येक महिने घोळवलं.

पोलीस ठाण्यात सायबर तक्रारींसाठी जिन्याखाली एक खोली होती. बाकावर रांगेनं माणसं बसलेली, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. गुप्तरोगाच्या दवाखान्याबाहेर बसावीत तशी. तक्रार लिहून घेणारी बाई थकलेली होती पण कामात चोख. तिनं सगळे मेसेज पाहिले, बँकेच्या तक्रारीचा नंबर घेतला. "पैसे मिळतील?" काकांनी विचारलं. ती म्हणाली, "पैसे पुढच्या खात्यातून अजून हलले नसले तर मिळतील. हलले असले तर मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. आता तुम्हाला लोकांचे फोन येतील, तुमचे पैसे सोडवून देतो म्हणून. आमचं नाव सांगतील. फसलेल्यांच्या याद्यासुद्धा विकल्या जातात."

घरी काकूंनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कंबर कसली आणि स्वतःचा फोन घेऊन बसल्या. एकेकाला फोन लावायचा आणि सरळ सांगायचं, "ह्यांचा फोन चोरांनी ताब्यात घेतलाय. ह्यांना काही झालेलं नाही. पैसे पाठवू नका, पाठवले असतील तर आधी तुमच्या बँकेला कळवा."

काका म्हणाले, "जरा हळू सांग की. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. चोरी तुम्ही केलीय का? मग तोंड लपवायला काय झालंय?"

बहुतेकांनी पैसे पाठवले नव्हते. कुणी मेसेज पाहिला नव्हता, कुणाला वास आला होता, कुणी खात्री करायला फोन केला होता आणि काका लेसनमध्ये असल्यानं त्यांनी उचलला नव्हता. पाठवले होते फक्त बेकरीवाल्या बाईनं. नवरा सोडून गेल्यावर काकांनी तिला पावाची व्हॅन चालवायला शिकवलं होतं, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तिनं एक प्रश्न न विचारता पाठवले होते, आणि वर 'जेवण पाठवू का' असंही विचारलं होतं. चोरानं 'नको' असं उत्तर दिलं होतं.

भावाचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. काकूंनी त्या दिवशी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. भावजयीचाही तसाच.

आता काकांची झोप उडाली ती पैशांपायी नाही. "त्यानं सगळं काढून पाठवलं असणार," ते म्हणायला लागले. "मोठी रक्कम गेली असणार त्याची. आणि आता मला कसं सांगायचं म्हणून फोन उचलत नसणार. त्याचा स्वभाव ठाऊक आहे मला. लहानपणी पाय मुरगळला तरी सांगायचा नाही, मला काम सोडून यावं लागेल म्हणून."

"अहो, मग जाऊन या," काकू म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी काका गेले. लिफ्टच्या आरशात त्यांनी केस सारखे केले आणि वाक्य मनात घोळवलं. तुझे जेवढे गेले तेवढे मी भरून देईन, थोडे थोडे देईन, पण देईन.

दार भावजयीनं उघडलं. तिचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. "दादा! या ना, बसा." भाऊ आतून आला. घरातल्या कपड्यांत, दाढी न केलेला. काकांसमोर बसला, उठला, खिडकी लावली, पुन्हा बसला. भावजय पाणी घेऊन आली. काकांना वाटलं, याच्या तोंडून निघत नाही, आपणच सुरुवात करावी. ते घसा साफ करत होते, तेवढ्यात भावानं विचारलं.

"त्या मुलीचं काय झालं मग, दादा? वाचली ना?"

काकांना आधी कळलंच नाही, कोण मुलगी.

"कुठली मुलगी?"

"ती, लेसनची. अपघात झाला ती." भाऊ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "पोलीस केस वगैरे झाली का? म्हणजे गाडीचा विमा असेलच, पण थर्ड पार्टीचं जरा... मी तुला फोन करणारच होतो. ऑफिसात ऑडिट चालू होतं. वेळच मिळाला नाही."

काका त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस. इतके दिवस याला वाटत होतं, की भावाच्या गाडीत एक मुलगी मरायला टेकली आहे, भाऊ हॉस्पिटलात एकटा उभा आहे, त्याच्या हातात पैसे नाहीत, फोन फुटलाय. हे सगळं खरं धरून हा ऑफिसला गेला, आला, जेवला, झोपला. आणि भावजयीचा फोन वाजला की त्यावर काकूंचं नाव बघून दोघांनी तो वाजू दिला.

"अपघात झालेलाच नाही," काका म्हणाले. "मेसेज खोटा होता. चोरांनी पाठवला. माझा फोन त्यांनी ताब्यात घेतला होता."

भावाच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते भावजयीनं पाहिलं नाही, कारण ती जमिनीकडे बघत होती. काकांनी मात्र सगळं पाहिलं. आधी सुटल्याची भावना आली. मग भाऊ मोकळं हसला.

"बघ! मला वाटलंच होतं! मी हिला म्हटलंही, हे काहीतरी फ्रॉड दिसतंय. म्हणून तर मी पैसे पाठवले नाहीत. हो की नाही गं?"

भावजय उठून आत गेली. तेवढा प्रामाणिकपणा तिनं दाखवला, हे काकांनी पुढे काकूंना आवर्जून सांगितलं.

"बरं केलंस," काका म्हणाले. पाणी प्यायले, पेला टेबलावर ठेवला आणि निघाले. भाऊ लिफ्टपर्यंत आला. "दादा, काळजी घेत जा रे. या वयात असल्या लिंका उघडायच्या नसतात."

खाली येऊन काका गाडीत बसले. बसूनच राहिले. त्यांना राग येईल असं त्यांना वाटत होतं. राग आला नाही. ज्या माणसाचे पैसे गेले असतील म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, त्याचा छदामही गेला नव्हता. त्यांनी आनंद मानायला हवा होता. तोही मानता येईना.

काकूंना सांगितल्यावर त्या बराच वेळ कपडे घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "चोरांनी आपलं खातं रिकामं केलं. हे नातं तर त्यांनी मागितलंही नव्हतं, तरी गेलं."

दिवस गेले. पोलीस बाईनं सांगितल्याप्रमाणे फोन आलाच. भारदस्त आवाज, सायबर विभागातून बोलतोय, आपली रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी थोडं शुल्क भरा. काकांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "तुझे लोक चांगलं काम करतात रे. माझ्या घरातलं मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते तुम्ही एका मेसेजमध्ये दाखवलंत. आता शुल्क कसलं घेतोस?" पलीकडच्यानं फोन ठेवला. काकांनी तो नंबरही पोलिसांना कळवला.

पुढे कधीतरी बँकेचं पत्र आलं. एक भाग पुढच्या एका खात्यात अडकून पडला होता, तो परत मिळाला. बाकीचा गेला तो गेलाच. मिळालेल्यातून काका आधी बेकरीवालीकडे गेले. तिला बँकेनं काही दिलं नव्हतं, कारण तिनं स्वतःहून पाठवले होते. तिनं 'राहू दे काका' वगैरे काही म्हटलं नाही. पैसे घेतले, गल्ल्यात ठेवले आणि म्हणाली, "बरं झालं. मला भट्टीवाल्याला द्यायचे होते. पण काका, त्या दिवशी मी किती घाबरले होते, ठाऊक आहे? आता कुणी खरंच अडचणीत सापडलं आणि मेसेज आला, तर मी आधी शंकाच घेणार. हे काही बरं नाही झालं." काका पाव घेऊन घरी आले.

भावानं मधल्या काळात घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर पाठवला. ऑनलाइन फसवणूक झाल्यास काय करावे. बँकेला कळवा, पासवर्ड बदला, पुरावे जपून ठेवा, तक्रार नोंदवा, नातेवाइकांना सावध करा. एकही चूक नव्हती त्यात. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. काकांनी पूर्ण वाचला आणि फोन बाजूला ठेवला.

मग पुतणीला लायसन्सचं वय झालं. भावाचा फोन आला. हल्ली तो काकांचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा, आणि स्वतःहूनही करायचा, दोघांनाही नकोसं होईल इतक्या वेळा. "दादा, तिला तुझ्याशिवाय कोण शिकवणार? कधीपासून पाठवू?"

"सोमवारपासून पाठव," काका म्हणाले. "फी ऑफिसात भरायची. पावती मिळेल."

भाऊ हसला. काका हसले नाहीत. मग भाऊ म्हणाला, "हो हो. भरतो ना. किती असते?"

काकांनी आकडा सांगितला. नेहमीचाच, ना कमी ना जास्त.

पुतणीला त्यांनी मन लावून शिकवलं. पोरगी हुशार होती, हसरी होती, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं तेव्हा चिडलीसुद्धा नाही. पहिल्याच परीक्षेत पास झाली आणि काकूंना येऊन मिठी मारून गेली.

ती गेल्यावर काकूंनी विचारलं, "फी घेतलीत त्याच्याकडून. बरं वाटलं का?"

काका बूट काढत होते. "नाही," ते म्हणाले. "पण परत करणार नाही."